देवीडॉक्टरांचा डावा दंड

१ मार्च १९३७, सोमवार

आजपासून रोजनिशी. वही दवाखान्याच्या स्टोअरमधली आहे. कव्हरवर 'फिनेल साठा' असं लिहिलेलं होतं, ते खोडून 'खाजगी' केलं.

सकाळी दस्तूरसाहेबांची ऑर्डर आली. (दस्तूरसाहेब म्हणजे आमचे हेल्थ ऑफिसर. पारशी, तापट, पण माणसं ओळखतात.) सिन्नरच्या बाजूने देवीची साथ सरकत येते आहे. तेव्हा रोग्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे टोचणारे, सुइणी, नर्सबाई, डोलीवाले, झाडूवाले, सगळ्यांनी ३१ तारखेच्या आत नव्याने टोचून घ्यायचं. आठव्या दिवशी दंड दाखवायचा. फोड उठलेले दिसले की यादीत 'धरली' असा शेरा. ज्याच्या नावापुढे शेरा नाही, त्याला खात्यात जागा नाही.

यादीचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे जाणार? चौदा वर्षं मी या गावाच्या देवी काढतो आहे. लोक मला देवीडॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण दर वेळी लोकांची चूक काढत बसणं बरं दिसत नाही.

यादीत पहिला नंबर घातला: मोतीराम खैरनार, हेड व्हॅक्सिनेटर. असिस्टंट महेबूबला सांगून ठेवलं की उद्या सकाळी ठीक आठ वाजता, सर्वांसमक्ष, पहिली टोचणी मला. पुढाऱ्याने पुढेच असलं पाहिजे.

२ मार्च, मंगळवार

आठ वाजता राहून गेलं. लसीच्या नळ्यांची पेटी उघडून मोजदाद करायला दुसरं कोणी नव्हतं. नळ्या बरोबर निघाल्या. तरी एकदा पुन्हा मोजल्या.

तेवढ्यात कोकणीपुऱ्यातली गुलजारबी आपल्या पाच सुइणी घेऊन हजर. ही गावातली सर्वांत जुनी सुईण, निम्मं नाशिक हिच्या हातावर जन्मलं. बाह्या वर करून बसली आणि महेबूब टोचत असताना त्याच्याशी कोथिंबिरीच्या भावावर बोलत राहिली. हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. मग उठून मला विचारते, "क्या मास्टर, तुमचा नंबर पहिला आहे ना? मग तुम्ही कोरडे कसे?"

मी म्हणालो, वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं असतं.

ती हसली. तिचं हसणं मला कधीच कळत नाही.

३ मार्च, बुधवार

डोलीवाल्यांनी घोळ घातला. बारकू आणि त्याचे पाच गडी, सगळे पेठकडचे, डोंगरातले. रोग्याला घरातून उचलून गावाबाहेरच्या देवीच्या शेडमध्ये न्यायचं हे त्यांचं काम, म्हणजे धोका सर्वांत जास्त त्यांना. आणि टोचून घ्यायला तेच तयार नाहीत. आईचं येणं आहे, तिला लोखंड लावू नये म्हणतात. वर हात फुगतो, ताप येतो, चार दिवस डोली खांद्यावर घेववत नाही.

मी अर्धा तास समजावलं. उत्तम बोललो. बारकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही घेतली का?"

मी म्हटलं, घेणार आहे.

"मंग आम्ही बी तुमच्या मागून घेऊ. आठ दिस तुमचा हात बघू, मंग घेऊ."

सरळ माणसं. मला गहिवरून आलं. केवढा विश्वास! पुढच्या बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तिथे जाहीर डेमॉन्स्ट्रेशन करायचं ठरवलं. सगळं गाव पाहील.

५ मार्च, शुक्रवार

वही खाजगी आहे, तेव्हा एक फॅक्ट नोंदवून ठेवतो.

माझ्या डाव्या दंडावर चार वण आहेत. सगळ्यांना वाटतं लहानपणी काढलेल्या देवींचे. ते बिब्याचे आहेत. आमच्या नामपूरला मूल सारखं रडायला लागलं की बिबा तापवून डाग देत. देवी काढणारा घोड्यावरून गावात आला तेव्हा आईने मला धान्याच्या कणगीत बसवून वर झाकण घातलं होतं. कणगीत मी बाजरी खात बसलो, एवढंच आठवतं. पुढे नोकरीच्या वेळी सर्जनसाहेबांनी लांबून दंड पाहिला आणि सर्टिफिकेटवर 'व्हॅक्सिनेटेड' असं लिहिलं. मी खोटं बोललो नाही. मी फक्त त्यांना दुरुस्त केलं नाही.

म्हणजे शास्त्राप्रमाणे पाहिलं, तर या खात्यातल्या टोचणाऱ्यांपैकी देवी न काढलेला मी एकटाच.

याचा अर्थ मला सुईची भीती वाटते असा नव्हे. लॅन्सेट, म्हणजे टोचायचं पातं, माझ्या हातात असतं तेव्हा काही होत नाही. ते माझ्या दिशेने येताना दिसलं की मात्र कानात वारं शिरतं आणि पुढचं काही आठवत नाही. ही प्रकृती आहे. प्रकृतीला औषध नाही.

बुधवारपर्यंत पाच दिवस आहेत. मनाची तयारी सुरू. रोज सकाळी शंभर वेळा 'मी भीत नाही' म्हणायचं.

९ मार्च, मंगळवार

काल एकशे वीस वेळा म्हटलं. आज महेबूबने सहज माझ्यासमोर लॅन्सेट पुसलं आणि मी खुर्चीतून खाली आलो. ऊन फार आहे.

पण संकटात डोकं चालतं ते माझंच. लस ग्लिसरीनमध्ये भरलेली असते. नुसतं ग्लिसरीन दिसायला हुबेहूब तसंच. लॅन्सेटची बोथट बाजू वापरली तर ओरखडासुद्धा उठत नाही. वर आयोडीन लावलं की काय लावलं, काय नाही, ब्रह्मदेवाला कळणार नाही. लोकांनी पाहायचं ते पाहिलं म्हणजे झालं. डेमॉन्स्ट्रेशनचा उद्देश लोकांना धीर देणं हा आहे. खरी टोचणी मग सवडीने, घरी, दार लावून.

यात फसवणूक नाही. क्रम फक्त उलटा आहे.

१० मार्च, बुधवार

अपूर्व यश!

गंगेवर पाचशे माणूस असेल. भाजीवाल्यांनी पाट्या सोडून गर्दी केली. मी दगडी पायरीवर उभा राहून दहा मिनिटं भाषण केलं, बाही वर केली आणि स्वतःच्या हाताने चार जागी टोचून घेतलं (वर लिहिल्याप्रमाणे). चेहऱ्यावर रेषसुद्धा हलू दिली नाही. हलण्यासारखं काही नव्हतंच, पण ते असो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारकू पुढे येऊन दंडाकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "रगत नाय आलं." मी म्हटलं, हात कसलेला असला की येत नाही.

गुलजारबी गर्दीत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात मेथीची जुडी होती म्हणून असेल.

१२ मार्च, शुक्रवार

आज घरी खरी टोचणी करणार होतो. अमावस्या निघाली. मी स्वतः असलं काही मानत नाही, पण सौ. मानते.

१७ मार्च, बुधवार

आठवा दिवस. घात झाला.

सहाही डोलीवाले सकाळीच दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, हात दाखवा. दाखवला. स्वच्छ. फोड नाही, सूज नाही, ताप नाही. मी म्हणालो, जुनी टोचणी असलेल्या माणसाला कधी कधी उठत नाही, पुस्तकात आहे. मला वाटलं, आता बाह्या वर करतील.

बारकू एकदम खुलला. म्हणाला, "आम्हाला बी हीच लस द्या. न फुगायची."

मी सांगितलं, लस एकच असते. खरी लस असली की हात फुगतोच.

मग पुंजा, तो त्यांच्यातला सर्वांत कमी बोलणारा, म्हणाला, "म्हंजे साहेबाला बिनतापाची आन् गरिबाला तापाची." आणि सहाही जण उठून निघून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षांची सेवा आणि हा शब्द! खरं सांगावं तर मी संपलो. खोटं सांगावं तर ते आधीच सांगून झालं आहे.

संध्याकाळी यादी पुरी केली. माझ्या नावापुढे 'धरली' लिहिलं. शाई जरा पसरली.

१८ मार्च, गुरुवार



गावात पहिला रोगी निघाला. रहेमान म्हणून मालेगावचा विणकर, पाहुणा आला होता बहिणीकडे. अंगभर देवी फुललेल्या. दस्तूरसाहेब स्वतः आले. डोलीवाले दारात उभे होते, पण साहेबांनी यादी पाहिली आणि न टोचलेल्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खैरनार, तू टोचलेला हाय ने? महेबूब पण हाय. उचला तुम्ही."

यादी माझ्याच अक्षरात. नंबर एक. धरली.

मी उचलला. महेबूबने पाय धरले, मी खांदे. बिचाऱ्याने माझ्या गळ्यात हात टाकले. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. शेडपर्यंत दीड मैल. वाटेत दोनदा त्याने पाणी मागितलं, दोनदा मी पाजलं. "बडी मेहरबानी, साहेब," म्हणत होता. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, तोंड तिकडे कर.

घरी येऊन तीन वेळा आंघोळ केली. कार्बोलिक साबणाची एक अख्खी वडी संपली.

१९ मार्च, शुक्रवार, सकाळ

पुस्तक काढून पाहिलं. रोग्याशी संपर्क आल्यावर तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर माणूस वाचतो. म्हणजे सोमवारपर्यंत वेळ आहे. भरपूर आहे.

दुपार

गुलजारबी दवाखान्यात आली. महेबूब बाहेर जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "मास्टर, वो बिब्याचे डाग आहेत. मी काय ओळखत नाही? माझ्या हाताने डागलेली किती तरी बाळं या गावात बाप होऊन फिरतात."

माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, तुमचा गैरसमज होतो आहे.

ती म्हणाली, "होऊ दे गैरसमज. मी कोणाला बोलणार नाही. पण काल तुम्ही त्या माणसाला छातीशी धरून नेलं, सारा मोहल्ला बघत होता. आज घ्या. मैं खुद पकडती हूँ तुमचा हात. डोळे मिटा, दुसरीकडे बघा, रडायचं तर रडा. बाया माझ्यापुढे काय काय रडतात, मी कोणाचं सांगते का?"

मी सांगितलं की मी हेड व्हॅक्सिनेटर आहे आणि माझ्या टोचणीची काळजी सुइणींनी करू नये.

ती गेली. जाताना दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२० मार्च, शनिवार

घरी प्रयत्न केला. दार लावलं, पाटावर बसलो, नळी फोडली, लस लॅन्सेटवर घेतली. उजवा हात डाव्या दंडापर्यंत व्यवस्थित गेला. पुढचं सौ.कडून कळलं. तिने तोंडावर पाणी मारलं तेव्हा मी आडवा होतो आणि लस चटईला लागलेली होती.

सौ.ला सगळं सांगावं लागलं. बिबा, गंगेवरचं, सगळं. ती रागावली नाही. पदर सारून तिने आपला दंड दाखवला. चार ठसठशीत खपल्या. म्हणाली, "अहो, ऑर्डर आली त्याच आठवड्यात मी महेबूबभाईंकडून घेतली. तुम्ही रोज शेडवरून येणार, मग घरात कोणी तरी धड असायला हवं ना."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तुम्ही कामात होतात."

मग मात्र रडली. म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते, उद्या घ्या." मी वचन दिलं. या वचनाला मी जागणार आहे. रविवार आहे, सुट्टी आहे, कसलीच सबब नाही.

२१ मार्च, रविवार

प्लॅन उत्तम होता. महेबूबला विश्वासात घेतलं. (त्याला आधीपासून ठाऊक असावं असा मला संशय आहे.) दहा वाजता त्याने घरी यायचं, सौ.ने माझं धोतर घेऊन मला खुर्चीला बांधायचं, डोळ्यांवर उपरणं टाकायचं.

पावणेदहाला सातपूरचं काम आठवलं. तिथल्या पाटलांना मागच्या महिन्यात 'एकदा येऊन जातो' असं म्हटलं होतं. दिलेला शब्द पाळला पाहिजे. मागल्या दाराने निघालो. तीन-चार मैल चालत. पाटील गावाला गेलेले. परत आलो तेव्हा महेबूब दोन तास वाट पाहून गेला होता. धोतर खुर्चीवर घडी करून ठेवलेलं होतं.



२२ मार्च, सोमवार

सकाळी सहा. शेवटचा दिवस. आज नक्की.

नऊ. दवाखान्यात गर्दी. गर्दीत कसं घेणार?

बारा. गर्दी नाही. पण रिकाम्या पोटी घेऊ नये.

दोन. भरल्या पोटीही घेऊ नये.

चार. महेबूब नळी घेऊन समोर उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मी तुमच्या हाताखाली शिकलो. एक बार मेरे पे भरोसा करो." मी बाही वर केली. खरंच केली. त्याने दंडाला स्पिरिट लावलं. तो गारवा लागला आणि मी हात ओढून घेतला. त्याने पुन्हा धरला, मी पुन्हा ओढला. तिसऱ्या वेळी मी त्याला ढकललं. नळी फुटली. त्याच्या बोटाला काच लागली. मी खूप ओरडलो त्याच्यावर. काय ओरडलो ते लिहीत नाही.

सहा. दवाखाना बंद झाला.

देवा, मी कसला माणूस आहे?

२४ मार्च, बुधवार

नीट विचार केल्यावर काळजीचं कारण दिसत नाही. (१) रहेमानचं तोंड बहुतेक वेळ उजवीकडे होतं. (२) मी तीन वेळा आंघोळ केली. (३) चौदा वर्षं मी लसीत हात घालतो आहे, तेव्हा थोडीफार तरी अंगात मुरली असणारच. शास्त्रात असं लिहिलेलं नाही, पण शास्त्र लिहिणाऱ्यांनी चौदा वर्षं हात घातलेला नाही.

तरीसुद्धा रोज सकाळी अंग तपासतो. पाठ सौ.ला बघायला सांगतो. ती बघते आणि "नाही" म्हणते. रोज त्या एका शब्दासाठी मी उठतो.

डोलीवाले अजून बिनटोचलेले. आणखी दोन रोगी निघाले. बारकू म्हणतो, साहेबाची लस द्या, लगेच घेतो. त्यांना मनाई असल्यामुळे रोगी उचलायला आता गुलजारबीच्या सुइणी जातात.

२६ मार्च, शुक्रवार

होळी. बोंब मारायला बाहेर पडलो. इतकी मोठ्याने मारली की शेजारी वळून पाहायला लागले. बरं वाटलं.

सिद्धांत: बारा दिवस लोटले की भीती संपते. मंगळवारपर्यंत काही नाही झालं, तर मी दस्तूरसाहेबांना सगळं खरं सांगणार, डोलीवाल्यांची माफी मागणार आणि त्यांच्यासमोर घेणार. भाषण लिहायला घेतलं आहे. पहिलं वाक्य छान जमलंय.

३० मार्च, मंगळवार

पाठ दुखते. होळीला लाकडं वाहिली होती. थोडी कणकण. ऊन. डोकं दुखतं, पण ते भाषण लिहिल्यामुळे.

३१ मार्च, बुधवार, रंगपंचमी

यादी दिली. दस्तूरसाहेबांनी डोलीवाल्यांच्या रिकाम्या जागा पाहून टेबलावर हात आपटला. उद्यापासून सहाही जण कमी. मग म्हणाले, माझ्या खात्यात धड माणूस म्हणजे एक तू. अंगात ताप इतका होता की साहेब दोन दिसत होते.

तिवंध्याजवळच्या रहाडीवर (रंगपंचमीच्या रंगाच्या हौदावर) पोहोचलोच नाही. पण गल्लीतल्या लोकांनी वाटेत गाठून लाल रंगाची अख्खी बादली अंगावर ओतली. ओरडायची ताकद नव्हती.

आईच्या हातची बाजरीची भाकरी खावीशी वाटते.

२ एप्रिल, शुक्रवार

ताप उतरला. एकदम हलकं वाटतं आहे! म्हटलं नव्हतं?

कपाळावर आणि मनगटांवर लाल ठिपके आहेत. परवाचा रंग. हल्लीचे रंग वाईट, जात नाहीत. सौ.ने बेसन लावून चोळलं. मग पुन्हा चोळलं. मग तिचा हात थांबला. म्हणाली, "अहो, रंग पाठीवर, सदऱ्याच्या आत कसा गेला?"

मी म्हटलं, अगं, रंगच तो, झिरपतो.

तिने बेसनाची वाटी खाली ठेवली आणि डोक्यावर पदर घेऊन गुलजारबीला बोलवायला गेली.

ठिपके हाताला टणक लागतात. रंग तसा लागत नाही. हे मी हजार वेळा दुसऱ्यांच्या अंगावर हात फिरवून लोकांना सांगितलं आहे.

३ एप्रिल, शनिवार, शेड

पेन्सिलने लिहितो आहे. वही उशाखाली लपवून आणली.

डोली दारात आली. डोलीवाले कमी केलेले, म्हणून बायांनी उचलली. पुढे गुलजारबी आणि चिमणाबाई, मागे सकीना आणि भागीबाई. मी मध्ये. भर सकाळी, मेन रोडवरून. मी कांबळ्यात तोंड लपवलं. गुलजारबीने ते बाजूला केलं आणि म्हणाली, "श्वास घ्या मास्टर. आता लाजायला वेळ नाही."

कोपऱ्यावर बारकू, पुंजा, सगळे सहा उभे होते. बारकू डोलीबरोबर चालत आला. माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग दंडाकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या देईल. मला हव्या होत्या. म्हणाला, "तुम्ही घेतलीच नव्हती का, मास्तर?"

मी म्हणालो, नाही.

एवढंच. आठवडाभर लिहीत होतो ते भाषण एवढंच झालं.

माझ्या शेजारच्या बाजेवर रहेमान आहे. खपल्या पडायला लागल्या आहेत त्याच्या. मला पाहून उठून बसला. आता तो मला पाणी पाजतो.

दुखतं आहे. फार दुखतं आहे. सौ. दाराशी बसली आहे. आत आली तरी चालेल, तिने घेतली आहे. आत ये म्हणालो. आली.

२७ एप्रिल, मंगळवार

सुटलो. जिवंत आहे. आरसा पाहिला. एकदा पुरे.

बऱ्याच गोष्टी मागाहून कळल्या. मला नेलं त्या दिवशी दुपारी सहाही डोलीवाले महेबूबसमोर ओळीने बसले. कोणी ताप, सूज, आई, लोखंड, काही काढलं नाही. कोपऱ्यावर मला पाहणारी गल्ली त्यांच्या मागे उभी राहिली. महेबूबच्या नळ्या संपल्या, तार करून मागवाव्या लागल्या. चौदा वर्षांत माझ्या बोलण्याने कधी नळ्या संपल्या नव्हत्या.

दस्तूरसाहेबांना भेटलो. सगळं सांगितलं. ते रागावले असते तर सोसलं असतं. त्यांनी यादी काढली, माझ्या नावापुढचं 'धरली' तांबड्या पेन्सिलीने खोडलं आणि तिथे लिहिलं: 'सूट. देवी येऊन गेल्या.' नियमच आहे, ज्याला एकदा येऊन गेल्या त्याला टोचायची गरज नाही. जन्मभर नाही. महिनाभर मी याच एका शब्दासाठी तडफडत होतो.

हेड आता महेबूब. मला शेडवर राखणीला ठेवलं आहे. तिथे मला आता काही होणार नाही. महेबूबच्या बोटावर अजून काचेची खूण आहे. त्याची माफी मागितली. "छोडो साहेब," म्हणाला. साहेब म्हणायचं कारण नव्हतं.

परत येताना बारकू वाटेत भेटला. साहेबांनी सहाही जणांना पुन्हा कामावर घेतलं आहे. डोली खाली ठेवून त्याने बाही वर केली आणि मला दंड दाखवला. चार वण, गोल, खोल, अगदी पुस्तकातल्यासारखे. इतके सुंदर वण मी स्वतः काढलेले पाहिले नाहीत.

मी विचारलं, फार दुखलं का रे?

"नाय मास्तर," तो म्हणाला. "मुंगी चावल तेवढाच."

मी चौदा वर्षं दर माणसाला, दर लेकराला हेच सांगत आलो. ते खरं असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.